लाईट ड्युटी

साल दोन हजार एकोणीस. मी बासष्ट वर्षांचा होतो आणि एका परमिट रूमच्या दारात गाड्या लावून घ्यायचं काम करत होतो. तिथं वरच्या हॉलला एक वेटर होता. काउंटरपाशी ऑर्डरची वाट बघताना तो एका पायावर उभा राहायचा, बगळ्यासारखा. डावा पाय उचलून उजव्या पोटरीला टेकवायचा. थोड्या वेळानं तो खाली आणि उजवा वर. मला वाटलं, पायात काही रुतलं असेल. विचारलं.

"काही न्हाई नाना," तो म्हणाला. "एकेकाला सुट्टी देतो. दोघांना एकदम द्यायची म्हणलं तर मॅनेजर देत न्हाई."

त्याचं नाव सांगत नाही. आज तो जिथं असेल तिथं त्याला उगाच ताप नको. बारचंही नाव सांगत नाही. निघोज्याच्या अलीकडं, कंपन्यांच्या रस्त्याला अशा पंधरा-वीस पाट्या आहेत, त्यातली कुठलीही एक धरा.

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. मराठी वाचतो, पण ओळीखाली बोट धरून. अडतीस वर्षं भोसरीच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर काढली. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून हे काम धरलं. पहिल्याच दिवशी मॅनेजरला सांगून टाकलं, "मी गाड्या बघणार. सलाम ठोकणार न्हाई, आन् दुसरं काम सांगायचं न्हाई." मॅनेजर म्हणजे मालकाचा मेव्हणा. तो हसला आणि बरं म्हणाला. आपण कसं ठणकावून सांगितलं, याचं मला पुढं बरेच दिवस कौतुक होतं.

त्या वेटरनं असं काही ठरवून घेतलं नव्हतं. उस्मानाबादकडचा माणूस, वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं काटक. त्याच्या तोंडी एक शब्द कायम असायचा, "हातासरशी."

"टेबल पुसायलोच हाय, हातासरशी ॲश-ट्रे बी धुतो."

"खाली चाललोच हाय, हातासरशी बर्फ आणतो."

असं करत करत पंखे पुसणं, फ्रिज भरणं, कुणी ओकलं तर ते काढणं, सगळं त्याच्याकडं आलं. कामाच्या जागेचा एक नियम आहे, तुम्हीही अनुभवला असेल. एखादं काम आपखुशीनं एकदा केलं की दुसऱ्या दिवशी ते आपलंच असतं. तिसऱ्या दिवशी ते का झालं नाही म्हणून विचारतात.

बार दोन मजली. खाली साधा हॉल, काउंटर, मागं किचन. वर एसी हॉल, अकरा टेबलं. मधे वळणाचा जिना, एकोणीस पायऱ्या. बांधताना सामान वर ओढायला छोटी लिफ्ट बसवणार होते. स्लॅबला तसं भोकसुद्धा पाडलं होतं. पुढं त्या भोकावर फळी टाकून फ्रिज ठेवला. त्यामुळं बाटली, बर्फ, सोडा, कोंबडी, सगळं माणसाच्या हातानं वर जायचं आणि खरकटं माणसाच्याच हातानं खाली यायचं.

वर आधी दोन वेटर होते. दुसरा दिवाळीला गावी गेला तो आलाच नाही. मॅनेजर म्हणाला, "बोलणं चाललंय, आठ दिवसांत माणूस येतोय." याला तेवढी एकच गोष्ट हवी होती, वर अजून एक माणूस. पगार वाढवून मागितला नाही, सुट्टी मागितली नाही. दर सोमवारी मॅनेजरला विचारायचा, "साहेब, माणसाचं काय झालं?"

"येतोय."

मग बाहेर येऊन मला सांगायचा, "नाना, माणूस निघालाय."

"कुठवर आलाय?"

"नगरपर्यंत आला आसंल."

पुढच्या सोमवारी म्हणायचा, "शिक्रापूरला चहा प्यायला थांबलाय." फेब्रुवारी लागला तेव्हा म्हणाला, "नाना, चहा आवडला न्हाई वाटतं. परत गेला."

कंपन्यांची पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. चारला माझ्याकडं दुचाकी लावायला जागा उरायची नाही आणि वरून आरोळ्या सुरू व्हायच्या. "ओ भाऊ, बर्फ!" "मामा, सोडा राहिला राव!" "अरे मॅच लावा ना कुणीतरी!" तुम्ही कधी अशा हॉलात बसला असाल तर असा माणूस बघितला असेल, पण त्याचा चेहरा आठवणार नाही. बाटल्या धरलेला हात आठवेल. हा बोटांच्या बेचक्यांत एका हातात चार बाटल्या धरायचा, दोन हातांत आठ. ट्रे होता, पण ट्रे धरला की चारच मावतात आणि जिना दोनदा चढावा लागतो.

त्याच्याकडं बुटांचे दोन जोड होते. दोन्ही काळे. सकाळी आठ नंबरचा घालायचा, संध्याकाळी नऊ नंबरचा. मला वाटलं, एक ठेवणीतला असेल.

"तसं न्हाई नाना. दुपारपर्यंत पाय माझे आसतेत. मग दुसऱ्या कुणाचे तरी होतेत."

वरच्या हॉलात चव्वेचाळीस खुर्च्या, त्याला एकही नाही. कोपऱ्यात कॅमेरा. मॅनेजर खाली बसून मोबाईलवर वरचं बघायचा आणि हा टेकलेला दिसला की फोन करायचा. पण कॅमेऱ्याला टेबलाखालचं दिसत नाही, हे यानं शोधून काढलं होतं. बाटलीचं बूच खाली पडलं की तो उकिडवा बसून शोधायला लागायचा. नीट, सावकाश.

गिऱ्हाईक म्हणायचं, "राहू दे ना मामा, बूच काय करायचंय?"

"न्हाई साहेब, कुणाच्या पायाला लागंल."

त्याच्या खिशात दोन-तीन बुचं कायम असायची. कुणी पाडलं नाही तर तो पाडायचा.

बियरचा टेम्पो सोमवारी आणि गुरुवारी सकाळी दहाला यायचा. टेम्पोवाले पेट्या शटरपाशी उतरवून निघून जायचे. त्या वरच्या स्टोअरला न्यायला एक हमाल होता. त्याला कुठल्या तरी कॅन्टीनला काम मिळालं आणि तो गेला. त्या गुरुवारी शटरपाशी चौदा पेट्या पडलेल्या. एका पेटीत बारा काचेच्या बाटल्या. मॅनेजर आधी माझ्याकडं आला.

"नाना, गाड्या यायला अजून वेळ आहे. तेवढं दोघं मिळून..."

"मी गाड्या बघतो," मी म्हणालो. "ठरलंय आपलं."

तेवढ्यात हा बर्फाची बादली घेऊन चालला होता. थांबला. "ऱ्हाऊ द्या साहेब, हातासरशी टाकतो वर."

मी शिट्टीची दोरी बोटाभोवती फिरवत उभा राहिलो. त्यानं दोन-दोन पेट्या खांद्यावर घेतल्या, सात खेपा केल्या. हमाल परत ठेवला नाही. कशाला ठेवतील?

माझं काम मी ठरवलं होतं, त्यात चूक नव्हती, असं मी आजही म्हणतो. पण मी नाही म्हटलेलं काम हवेत विरलं नाही. ते त्याच्या खांद्यावर गेलं. एवढी साधी गोष्ट मला उशिरा कळली.

लोकांना वाटतं, ड्राय डे म्हणजे बारवाल्यांना सुट्टी. शटर अर्धं खाली असतं म्हणून तसं वाटतं. आत सगळे सोफे उलटे करतात, किचनच्या चिमणीचं तेल खरवडतात, फ्रिज ओढून मागची जमीन घासतात. मी नुसता बसायला गेलो होतो तर हा शिडीवर उभा राहून भिंत पुसत होता.

"आज तरी सुखात हाईस की," मी म्हणालो. "गिऱ्हाईक न्हाई काय न्हाई."

"नाना, गिऱ्हाईकाचं एक बरं आसतं. कवातरी उठून जातंय. भिंत कुठं जाती?"

मार्चमधे एका दुपारी मी पाणी प्यायला आत गेलो, तर जिन्याच्या सातव्या पायरीवर एक बूट पडलेला. नऊ नंबरचा. दुपारीच चढवला होता. बूट घेऊन वर गेलो. हा एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, अशा अवतारात टेबलावर बाटल्या मांडत होता. पोरं हसत होती.

"मामा, एक बूट गहाण टाकला का राव?"

तोही हसला. मी बूट त्याच्यापुढं ठेवला. त्यानं डाव्या पायाकडं बघितलं, अंगठा हलवून बघितला. मग मला हळू आवाजात म्हणाला, "नाना, निघालेला कळलाच न्हाई मला."

त्या आठवड्यात तो सरकारी दवाखान्यात जाऊन आला. दोन दिवसांनी माझ्याजवळ येऊन त्यानं एक प्लास्टिकची पिशवी पुढं केली. आत चार घड्या घातलेला कागद.

"हे तुमच्यापाशी ठेवा."

"काय हाय?"

"डाक्टरचा कागद. खोलीवर सगळे बारचेच आसतेत. कुणी बघितला तर मॅनेजरला सांगतील. तुमच्यापाशी बिनघोर. तुम्ही काय वाचणार न्हाईत."

ते मला लागलं. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं, पण मला अडाणी म्हटलेलं खपत नाही. घरी जाऊन कागद उलगडला आणि बोट धरून बसलो. कागद इंग्रजीत, तोही डॉक्टरच्या अक्षरात. बोट जागचं हलेना. मग मी हट्टाला पेटलो आणि कागद नाक्यावरच्या मेडिकलवाल्याकडं नेला. त्यानं वाचून सांगितलं. कमरेच्या मणक्यात नस दबली आहे. तीन महिने वजन उचलायचं नाही. फार वेळ उभं राहायचं नाही. जिना टाळायचा. नाहीतर पाय जाऊ शकतो.

"पेशंट कोण आहे, नाना?"

"हाय एक."

"काम काय करतो?"

मी सांगितलं. त्यानं कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळला.

आता आमच्या कंपनीची रीत सांगतो, म्हणजे मी पुढं जे केलं ते का केलं हे कळेल. प्रेसवर कुणाचा हात दुखावला, पाठ धरली, तर डॉक्टरचा कागद आणायचा. तो टाइम ऑफिसात दिला की लाईट ड्युटी मिळायची. महिनाभर स्टुलावर बसून वॉशर निवडायचे, नाहीतर हत्यारांना तेल लावायचं. सुपरवायझर कुरकुरायचा, पण कागदापुढं त्याचं चालायचं नाही. मी स्वतः दोनदा लाईट ड्युटी केली आहे. कागद हा माणसाच्या बाजूचा साक्षीदार असतो, हे माझ्या डोक्यात अडतीस वर्षांत घट्ट बसलं होतं. हा वेडा हातातला साक्षीदार लपवून का ठेवतोय, मला कळेना.

मंगळवारी सकाळी बार उघडायच्या आधी मी तो कागद मॅनेजरपुढं ठेवला. वेटरला न विचारता.

"वाचा," मी म्हणालो. "ह्याला आता पेट्या द्यायच्या न्हाईत. वर दुसरा माणूस द्या आन् ह्याला तीन महिने खाली काउंटरला बसवा. लाईट ड्युटी."

मॅनेजरनं कागद वाचला. पुन्हा वाचला. "बरं झालं सांगितलंत नाना," तो म्हणाला. "उद्या जिन्यात काही झालं असतं, तर नसती भानगड गळ्यात आली असती." आणि कागद मला परत दिला.

मी बाहेर आलो. त्या दिवशी शिट्टी जरा जोरातच वाजवली. त्याला काही सांगितलं नाही. म्हटलं, उद्या आपोआप कळेल, खूश होईल.

बुधवारी दुपारी तो पिशवी घेऊन बाहेर आला. पायात चपला.

"कुठं रं?"

"घरी चाललोय. साहेब म्हणले, बरा झालास की ये." त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "नाना, माणूस आला."

"कोण माणूस?"

त्यानं मागं हात केला. आत जिन्यावरून तिशीचा एक माणूस आठ बाटल्या घेऊन वर चालला होता. दिवाळीपासून न आलेला माणूस एका दिवसात आला होता. पण वर दोघं झाले नव्हते. एकाच्या जागी एक, एवढंच.

मी गाड्या तशाच सोडल्या आणि त्याच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत गेलो. खोली बारची होती, तीही सोडायची होती. 

"कागद मी दाखवला," मी म्हणालो.

"ठाऊक हाय."

"मला वाटलं, लाईट ड्युटी देतील."

"ते कंपनीत, नाना. आमच्यात लाईट ड्युटी घरी करायची आसती."

"शिव्या दे मला."

"कशाला? चांगलंच करायला गेलाव तुम्ही." मग हसला. "पण वाचलाव कसा?"

"मेडिकलवाल्यानं वाचला."

"मग वाचता येत न्हाई त्येच्यापाशीच ठिवला हुता की मी. माझं बरोबर हुतं."

दुसरं कुणी मला असं बोललं असतं तर माझं डोकं फिरलं असतं. तो बोलला आणि मी ऐकून घेतलं. अशी पाळी माझ्यावर फार वेळा आलेली नाही.

"आता गावाकडं जाणार?"

"गावाकडं जाऊन काय करू? पोरीचं कालिज चालू हाय. हिंजवडीला एक बार हाय, तिथं आमच्याकडचा आचारी हाय. उद्यापासनं ये म्हणलाय."

"तिथं जिना हाय का?"

"हाय की. लिफ्ट बी हाय."

मला जरा बरं वाटलं.

"गिऱ्हाईकाची," तो म्हणाला.

"आन् कंबर?"

"कंबर हाय तिथंच हाय. आता डाक्टरकडंच जायचं न्हाई. कागदच नसला तर कोण काय म्हणंल?"

मी खिशातून कागद काढून दिला. त्यानं तो घेतला, चार तुकडे केले आणि ते रस्त्यावर न टाकता पिशवीत घातले. झाडणाऱ्या माणसाचा हात, त्याला खाली टाकवत नाही.

सिक्स सीटर आली. उजवा पाय त्यानं आत ठेवला. डावा वर येईना. मग गुडघ्याजवळ पँट धरून त्यानं तो हातानं उचलला आणि आत घेतला, सामान घ्यावं तसा. "येतो नाना," म्हणाला. गाडी आळंदी फाट्याकडं गेली. त्याचा नंबर होता माझ्याकडं. उन्हाळाभर लागत होता. "बरा हाय, वर अजून एक माणूस देणारेत," असं एकदा म्हणाला. पावसाळ्यात नंबर बंद झाला. मी दोनदा हिंजवडीला जाऊन आलो. तिथं बार किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे.

पण ते पुढचं. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्यापेक्षा लवकर बारवर गेलो. गुरुवार होता. दहाला टेम्पो आला आणि शटरपाशी चौदा पेट्या उतरवून गेला. मी टोपी काढून खुंटीला अडकवली, पहिली पेटी खांद्यावर घेतली आणि जिना चढायला लागलो.

मॅनेजर काउंटरमागून म्हणाला, "नाना, तुम्ही कशाला? नवीन माणूस येईल आता, तो टाकेल."

मी चढतच राहिलो. गेलेला दोन-दोन न्यायचा, मला एकेकच जमत होती. पाच पेट्या वर नेल्या. सहावीला वळणावर धाप लागली आणि गुडघा वाकेना. पेटी तिथंच ठेवली, जिन्याच्या मधोमध, आणि तिच्यावर बसलो. जिना अरुंद. माझ्या बाजूनं मांजरसुद्धा वर गेलं नसतं.

अकरा वाजता नवीन वेटर आला. खाली उभा राहून माझ्याकडं बघत राहिला. मॅनेजर म्हणाला, "नाना, उठा आता. वरचं टेबल लावायचंय."

"दोन हमाल बोलवा."

"बोलवतो, तुम्ही उठा तर."

"ते आले की उठतो."

"नाना, ह्या वयात हे शोभतं का?"

"न्हाई शोभत," मी म्हणालो. "हमाल बोलवा."

साडेअकराला तिसऱ्या शिफ्टची झोप झालेली चार माणसं आली, वर जायचं म्हणाली. मॅनेजरनं त्यांना खाली बसवलं. मग फोन लावले. त्याचा आवाज चढलेला मला वळणावर ऐकू येत होता. कामावरून काढीन म्हणाला. काढा म्हणालो. बसूनच.

हमाल आले तेव्हा बारा वाजून गेले होते. दोघं होते. मला उठायचं होतं, पण उठता येईना, कंबर तशीच धरून राहिली होती. त्यांनी दोन्ही बाजूंनी काखेत हात घातले आणि आधी मला खाली आणलं. मग पेटी वर नेली.